सगळ्यात शहाणी पेशंट

"मी विनाकारण गोड बोलायला लागले, तर समजायचं माझी साखर उतरलीय. लगेच पाण्यात साखर कालवून द्यायची. मी नको म्हटलं तरी द्यायची. जमेल?"

पुण्यात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला घातलेली ही पहिली अट. भाडं, पाणी, रात्री किती वाजता दार बंद होतं, हे सगळं नंतर. मी अमरावतीहून नुकती आलेली, हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला लागलेली. आधीच्या खोलीतून सामानासकट बाहेर पडले होते, त्यामुळे मला काहीही जमणार होतं. मी हो म्हटलं. पुढचे दोन-तीन दिवस मात्र त्या काय बोलतात त्यावर कान लावून बसले होते. काळजीचं कारण नव्हतं. "नळ नीट बंद कर, पाणी खडकवासल्याहून येतं, तुझ्या अमरावतीहून नाही," असंच सगळं चाललेलं होतं. साखर अगदी व्यवस्थित होती म्हणायची.

मंडईच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. त्यांचे यजमान, काका, जाऊन तीन वर्षं झालेली. मूलबाळ नाही. बाई बँकेत होत्या, पण बँकेत कॉम्प्युटर आल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळ्या झाल्या. "तो आला, मी निघाले. एका टेबलावर दोघं मावत नव्हतो," एवढंच त्या सांगायच्या.

मी त्यांना पहिल्या दिवशी काकू म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या काकाशी माझं लग्न झाल्याचं मला आठवत नाही."

"मग काय म्हणू?"

"अहो म्हण. ऐकू येतं मला."

झालं. तेव्हापासून मी त्यांना अहोच म्हणत राहिले. एकदा आईचा फोन चालू असताना मी आत बघून "अहो, दूध उतू जातंय" म्हटलं, तर तिकडे आईचा आवाजच बदलला. "काऊन वं, अहो कोणाले म्हणून रायली तू? कोण हाये तिथं?" तिची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खरं सांगायचं. आजारी आहे, पण भाडं घेतो म्हणावं." लिहिताना मी त्यांना बाई म्हणतेय, एवढं आता चालून जाईल.

चौदाव्या वर्षी त्यांना मधुमेह झाला होता. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहानपणचा. ज्यात इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगतच नाही. त्या काळात असल्या मुलीला लोक चार दिवसांची पाहुणी समजत. बाई त्या सगळ्यांना पुरून उरल्या, आणि त्याचं एकच कारण त्या सांगत: "मी सांगितलेलं ऐकते."

बाकी कुणाचंही त्या ऐकत नव्हत्या, हे मात्र मी शपथेवर सांगेन. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाही, रिक्षावाल्याचं नाही, माझं तर नाहीच. पण डॉक्टरांनी सांगितलं की तो शब्द शेवटचा. चौदा वर्षांच्या असताना डॉक्टर म्हणाले होते, जेवणानंतर शतपावली घाल. पन्नाशी उलटली तरी त्या दोन्ही वेळा गॅलरीत येरझाऱ्या घालत होत्या. ताप असला तरी, घरात पाहुणे असले तरी. डॉक्टर म्हणाले होते, आंबा नको. मंडईच्या इतक्या जवळ राहून, सीझनमध्ये सगळी गल्ली हापूसच्या वासाने भरलेली असताना त्या खिडकी लावून घ्यायच्या आणि काकडी चिरायला बसायच्या. एकदा त्यांच्याच नात्यातल्या लग्नाला मी बरोबर गेले होते. मंगलाष्टका चालू झाल्या आणि बाईंनी पिशवीतून डबा काढला. आजूबाजूच्या बायका अक्षता मुठीत धरून बघतायत. कुणीतरी म्हणालं, अहो, मुहूर्त तरी होऊ द्या. बाई घास चावून झाल्यावर म्हणाल्या, "मुहूर्त त्यांचा. इंजेक्शन माझं झालंय." आणि पोळीभाजी संपवली. मला लाज वाटली आणि हसूही आलं. डबा आवरून त्यांनी नवरीमुलीच्या डोक्यावर मात्र वेळेत अक्षता टाकल्या.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल फार थोडं बोलायच्या. काचेची सिरिंज रोज उकळायची, सुई दगडावर घासून टोक काढायचं. फ्रीज नव्हता तेव्हा बाटली माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवायची. तेव्हाचं इन्सुलिन जनावरांपासून काढत. सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, हे औषध कशापासून करतात. बाई म्हणाल्या, "मीही विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका." तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. काका मात्र सकाळी स्वतः पाणी उकळायला ठेवायचे, लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत. प्लास्टिकच्या सिरिंज आल्यावरही ते सवयीने गॅसवर पातेलं चढवायचे आणि मग त्यात चहा करायचे. "आजारी मी आणि गेले ते," बाई म्हणायच्या. हे एकच वाक्य त्या जरा हळू बोलायच्या.

आणि एकदा त्या गोड बोलल्या.

संध्याकाळी मी कंपनीच्या बसने आले होते. दिवस अगदी वाईट गेला होता. मी काढलेल्या चुका कुणीतरी स्वतःच्या नावावर मीटिंगमध्ये सांगितल्या होत्या आणि मी गप्प बसले होते. दार उघडलं आणि बाई म्हणाल्या, "आलीस का गं बाळा? दमलं का माझं पिल्लू?" माझ्या हातातली बॅग घेतली, पाठीवरून हात फिरवला. घर सोडून मला सात-आठ महिने झालेले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तशीच उंबऱ्यावर उभी. मग त्यांचं कपाळ दिसलं, घामाने डबडबलेलं. धावत जाऊन साखर कालवली. त्या "राहू दे गं सोन्या, तूच पी" म्हणतायत आणि मी एका हाताने त्यांची मान धरून पाजतेय. थोड्या वेळाने त्यांनी डोळे नीट उघडले, हातातल्या ग्लासकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा पाहुण्यांचा ग्लास आहे. रोजचे खाली असतात."

बाई परत आल्या होत्या. मला इतकं हायसं वाटलं आणि इतकं वाईटही वाटलं, की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल मी काही वेडंवाकडं बोलले का?"

"नाही. बाळा म्हणालात."

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एक टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. "साखर उतरली की माणूस काहीही बोलतो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी वारज्याला राहते, माझं घर आहे, माणसं आहेत, प्रेमाने बोलणारी आहेत. तरी कधी दमून घरी आले की दारात मला तो आवाज हवासा वाटतो. तो त्यांच्या आजाराचा आवाज होता हे कळतं मला. हवासा वाटतो, त्याला काय करू?

दवाखान्यात त्या एकट्या जायच्या. तिथे ठरलेला संवाद असायचा. काउंटरवरची मुलगी विचारायची, "सोबत कोण आलंय?" बाई म्हणायच्या, "मीच आलेय, आणि पेशंटही मीच. एका माणसात दोन्ही कामं होतात." मुलगा बाहेरगावी आहे का? नाही. मुलगी? नाही. "मग तुमचं बघतं कोण?" हा प्रश्न किती जणांनी किती तऱ्हांनी विचारला असेल. कुणी कळवळून, कुणी नुसतं लिहून घ्यायचं म्हणून. बाईंनी त्यावर एक युक्ती काढली होती. दवाखान्यात जाताना त्या इस्त्रीची कडक साडी नेसायच्या, केसांना तेल, पायात चांगल्या चपला. "एकटी बाई गबाळी दिसली की लगेच दाखल करून घेतात," म्हणायच्या. "नीटनेटकी असले की म्हणतात, हिचं कोणीतरी असेल."

डोळ्यांच्या मागच्या पडद्याला मधुमेहाने त्रास सुरू झाला आणि लेसर करायची वेळ आली, तेव्हा मात्र ती युक्ती चालेना. डोळ्यांत थेंब घातल्यावर तासन् तास अंधूक दिसणार, घरचं माणूस असल्याशिवाय करणारच नाही, असं तिथल्या सिस्टरनी सांगितलं.

"घरी नेणार कोण तुम्हाला?"

"रिक्षावाला. त्याला दिसतं."

सिस्टर हसल्या नाहीत. बाईंना परत पाठवलं. घरी येऊन त्या गॅलरीत बराच वेळ उभ्या होत्या. मग माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्याकडे स्कूटी आहे ना? शनिवारी चल. वाहन म्हणून चल. नातेवाईक म्हणून नको." मी वाहन म्हणून गेले. तिथे विचारलं, तुम्ही कोण, तर मी म्हटलं, शेजारी. बाईंनी मान हलवली. परत येताना मागे बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. दिसत नव्हतं म्हणून असेल.

तिथल्याच डॉक्टरांनी पुढे मधुमेहाच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. थोरले डॉक्टर, म्हणजे ज्यांचं बाईंनी आयुष्यभर ऐकलं ते, दवाखाना बंद करून मुलाकडे खडकवासल्याच्या बाजूला राहायला गेले होते. नवी डॉक्टर पस्तिशीची, हुशार, वागायला फार चांगली. बाईंचं वय आणि आजाराची वर्षं ऐकून ती खुर्चीतून उठलीच. "इतकी वर्षं? आणि किडनी एकदम क्लीन? मॅडम, तुमचा फोटो लावला पाहिजे इथे." बाई खूश झाल्या, पण दाखवलं नाही. मग ती कॉम्प्युटरवर माहिती भरायला लागली.

"मुलं?"

"नाहीत."

"ट्राय केलं होतं? काही मिसकॅरेज वगैरे?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या आजारात मूल होऊ द्यायचं नाही."

ती टाइप करता करता म्हणाली, "असं काही नाही हो. होतात की मुलं. थोडी काळजी जास्त घ्यावी लागते. माझ्याकडेच दोघी आहेत आत्ता, इन्सुलिनवरच्या. एकीला सातवा लागलाय."

मी बाईंकडे बघायचं टाळलं.

"पुढचं विचारा," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी वेळेवर इंजेक्शन घेतलं, वेळेवर जेवल्या, शतपावली घातली. नेहमीसारखंच सगळं. पण मला टोमणा मारणं बंद झालं. मी मुद्दाम नळ ठिबकत ठेवला, तर उठून गुपचूप बंद करून आल्या. चार-पाच दिवसांनी भाजी निवडता निवडता त्यांनीच विषय काढला.

"हे म्हणाले होते, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. मुंबईला कुणीतरी मोठे होते तेव्हा. यांनी पत्ताही आणला होता. मीच म्हटलं, एकाचं ऐकायचं म्हणजे ऐकायचं. दहा जणांना विचारत फिरलं की माणूस मरतो. ते काही बोलले नाहीत. पुन्हा कधीच बोलले नाहीत." मेथीची जुडी तशीच हातात. "त्यांना पोरं फार आवडायची. गणपतीत गल्लीतल्या सगळ्या पोरांना घेऊन फिरायला जायचे. दोघं-तिघं खांद्यावर."

"अहो, तेव्हाची गोष्ट वेगळी होती," मी म्हटलं. "तेव्हा खरंच धोका असेल."

"तेच मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. थोरल्या डॉक्टरांच्या. माझ्या बाबतीत इलाज नव्हता, एवढं त्यांनी म्हणावं. मग माझं काही म्हणणं नाही."

"आणि आता विचारून काय होणार?"

"काही होणार नाही. पण मला झोप लागत नाही गं."

त्या 'गं'नेच मी विरघळले. रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाई कडक इस्त्रीच्या साडीत, मांडीवर डब्याची पिशवी. सिंहगड रस्त्याला नव्या इमारतींची रांग लागलेली, धूळ नुसती.

डॉक्टर ऐंशीच्या पुढचे, पण खणखणीत. बंगल्याच्या व्हरांड्यात बनियनवर बसून पेपर वाचत होते. बाईंना त्यांनी लगेच ओळखलं. "या या. तुम्ही त्या सुई दगडावर घासणाऱ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही माझी सगळ्यात शहाणी पेशंट, बरं का. हिला सांगितलं की झालं. पुन्हा सांगावं लागायचं नाही." बाईंचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, आता विचारायचं सोडून देतील. सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, किडनीचं सांगितलं, नव्या डॉक्टरचं कौतुक केलं. मग पदर नीट केला.

"डॉक्टर, तुम्ही मला मूल नको म्हणाला होतात. लग्नानंतर लगेच. आठवतं?"

"म्हणालो असेन."

"माझ्या बाबतीत काही विशेष होतं का? म्हणजे, माझी तब्येत जास्त नाजूक होती, असं काही?"

डॉक्टरांनी जरा आठवून बघितलं. "छे. तब्येत उत्तम होती तुमची. धोका म्हणाल तर सगळ्यांनाच होता हो. घरी साखर मोजायची सोय नाही, काही नाही. बाळंतपणात काय होईल कुणी सांगावं. म्हणून मी इन्सुलिनवरच्या सगळ्याच मुलींना सांगायचो, नको म्हणून." आणि ते हसायला लागले. "पण ऐकतंय कोण? तोंडावर हो म्हणायच्या आणि वर्ष-दोन वर्षांनी पोट घेऊन दारात हजर. मी चिडायचो, ओरडायचो. मग काय करणार, सांभाळायचो नऊ महिने. पुढे पोर कडेवर घेऊन पेढे द्यायला यायच्या."

"सगळ्यांची नीट झाली?"

"सगळ्यांची कशी होतील? एक-दोघींचं वाईट झालं. एक तर गेलीच बिचारी. बाकीच्यांची झाली की. एकीचा मुलगा आता अमेरिकेत असतो, अजून दिवाळीला फोन करतो मला."

बाई ऐकत होत्या. हात मांडीवरच्या पिशवीवर.

"मला तुम्ही नंतर कधी काही म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत," डॉक्टर म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. त्या माणसाच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याच्यावर धड रागावताही येईना. मग त्यांनी मला विचारलं, हिंजवडीला पगार किती देतात. मी काहीतरी उत्तर दिलं. बाईंनी वाकून त्यांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

धरणाजवळ आल्यावर त्यांनी खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला सांगितली. रविवार असल्यामुळे तिथे तोबा गर्दी. कणसं भाजणाऱ्यांचा धूर, काठावर पाय पाण्यात सोडून बसलेली कुटुंबं, ओल्या चड्डीत पळणारी पोरं आणि त्यांच्या मागे ओरडत धावणाऱ्या आया. बाई कठड्यावर टेकल्या. डॉक्टरला मनातल्या मनात अमरावतीच्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या होत्या.

"घाबरल्या नसतील का गं त्या?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"त्याच. न ऐकणाऱ्या."

"घाबरल्या असतील की. जीव मुठीत धरूनच नऊ महिने काढले असतील."

"तरी त्यांनी केलं."

"अहो, त्यातली एक गेली. तुम्हीही गेला असतात कदाचित. तुम्ही तेव्हा विशीतल्या, डॉक्टर सांगतात मरशील, कुणीही घाबरेल. तुम्ही घाबरलात यात तुमची काय चूक?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी भलतंच काहीतरी बोलले होते, असं.

"मी कुठे घाबरले होते?" त्या म्हणाल्या. "मला भीती वाटलीच नव्हती गं. ते नको म्हणाले, आणि मी बरं म्हटलं."